दुभाषी निघाले

दुभाषींच्या लेकीने एका रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, की या घरात माणसांपेक्षा खोक्यांना जास्त मान आहे. खोक्यांना स्वतंत्र खोली आहे, तिला खिडकी आहे, खिडकीला पडदा आहे. आणि ती स्वतः मात्र एवढी घोडी झाली तरी हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून दुभाषींना फार राग आला.

दुभाषी हे त्यांचं आडनाव नव्हे. मिक्सर, इस्त्री, पंखे, केस वाळवायची यंत्रं यांच्याबरोबर जी बारीक अक्षरातली माहितीपुस्तिका येते, तिचं भाषांतर करणं हा त्यांचा व्यवसाय. घरी बसून करत. त्यांच्या दाराशी सतत परक्या भाषांतली पाकिटं येऊन पडत, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव ठेवलं आणि खरं नाव विसरून टाकलं. कोणीही वाचत नाही असं साहित्य त्यांच्याइतकं सातत्याने निर्माण करणारा लेखक दुसरा नसेल. प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एक वाक्य असतंच, ‘मूळ वेष्टन जपून ठेवावे.’ हे वाक्य आजवर अगणित वेळा लिहिलेला आणि मनापासून पाळलेला माणूस म्हणजे एकटे दुभाषी.

अर्थात खोक्यांचं प्रेम त्याहून जुनं होतं. दुभाषींचे वडील पूल बांधणाऱ्या कंपनीत होते. एका देशात पूल झाला की दुसऱ्या देशात. दुभाषी एका देशात जन्मले, दुसऱ्यात चालायला लागले, तिसऱ्यात त्यांचे दुधाचे दात पडले, आणि पुढे शाळा, भाषा, मित्र, शेजारी सगळं इतक्या वेळा बदललं की शेवटी त्यांनी मोजणं सोडून दिलं. वडिलांनी बांधलेल्या एकाही पुलावरून ते कधी गेले नव्हते, कारण पूल सुरू व्हायच्या आत यांचं सामान बांधून तयार असे. म्हणून आईचा नियम होता, घरात आलेल्या वस्तूचं खोकं टाकायचं नाही. एकदा वडिलांनी फुशारकी मारत रेडिओचं खोकं टाकून दिलं, “आता इथेच राहायचं” म्हणाले, आणि त्याच आठवड्यात बदलीची तार आली. तेव्हापासून ‘खोकं टाकलं की बिऱ्हाड उठतं’ ही त्या घराची एकमेव श्रद्धा. दुभाषी स्वतःला मोठे विचारी समजत. पण या इमारतीत येऊन बारा-तेरा वर्षं झाली, नोकरी नाही, बदली नाही, घर स्वतःच्या मालकीचं, तरी लेकीच्या पाळण्याचं खोकंसुद्धा त्यांनी सांभाळून ठेवलं होतं.

या भटकंतीतून त्यांना आणखी एक सवय लागली होती. ज्या मुलाची शाळा वरचेवर बदलते आणि दर वेळी भाषाही बदलते, तो एक गोष्ट लवकर शिकतो. समोरचा काय बोलला ते कळलं नाही, तर हसावं, मान डोलवावी आणि ‘हो’ म्हणावं. पुढे भाषा कळायला लागते, पण तोवर मान आपोआप डोलू लागलेली असते. गॅलरीतला नळ गळायला लागला तेव्हा प्लंबरने विचारलं होतं, “बदलायचा की राहू द्यायचा?” दुभाषी प्रसन्न हसून “हो” म्हणाले. प्लंबर निघून गेला. नळ अजून गळत होता आणि ते पाणी खालच्या मजल्यावर नर्सबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होतं.

आता इथे दुभाषींचं खरं दुखणं सांगायला हवं. त्या इमारतीत सगळे सगळ्यांशी भांडत. पाण्याच्या मोटरीवरून, जिन्यातल्या चपलांवरून, गाडी कोणी कुठे लावली यावरून. तळमजल्यावरचे सेक्रेटरी निवृत्त पोस्टमास्तर होते आणि आयुष्यभर खिडकीच्या आतून बोलल्यामुळे त्यांचा आवाज मुळातच चढा होता. ते ज्याच्यावर ओरडत त्याला संध्याकाळी घरी बोलावून चहा पाजत. दुभाषींवर ते कधी ओरडले नव्हते, त्यामुळे दुभाषींनी त्यांचा चहाही कधी प्यायला नव्हता. नर्सबाई निवृत्त झाल्या तरी वॉर्ड सोडला नसल्यासारख्या बोलत. अख्खी इमारत त्यांना टरकून असे. पण नळाचं पाणी कपड्यांवर पडलं तेव्हा त्यांनी मुकाट्याने दोरी सरकवली. दुभाषी जिन्यात भेटले तर म्हणाल्या, “असू द्या, असू द्या. तुम्ही नका त्रास करून घेऊ.”

दुभाषींना ते फार लागलं. एकदा तर त्यांनी मुद्दाम, अगदी ठरवून, आपली स्कूटर सेक्रेटरींच्या जागेवर आडवी लावली आणि गॅलरीत उभे राहून वाट पाहिली. सेक्रेटरी आले, स्कूटर पाहिली, आपली गाडी रस्त्यावर नेऊन लावली आणि वर बघून नम्रपणे म्हणाले, “राहू दे हो! तुमच्याकडे तिकडे वेगळी पद्धत असेल.” तिकडे म्हणजे कुठे, हे दुभाषींनाही ठाऊक नव्हतं. ते ज्या देशात असत, तिथे आधीच्या देशाचे ठरत. शेवटच्या मुक्कामाला आल्यावर तरी हे थांबेल अशी त्यांची समजूत होती. पण बारा-तेरा वर्षं झाली तरी इमारत त्यांना पाहुण्यासारखं वागवत होती, आणि पाहुण्याशी कोणी भांडत नाही.

तर त्या रविवारी बायको औषधांच्या दुकानात सकाळच्या पाळीला गेलेली. लेक सोफ्यावर तोंड फुगवून बसलेली. दुभाषी ताडकन उठले, श्रद्धाबिद्धा बाजूला सारली आणि खोलीतली खोकी काढून जिन्याच्या चौकात रचू लागले. टोस्टरचं, टीव्हीचं, पहिल्या टीव्हीचं, बिघडलेल्या घड्याळाचं, हयात नसलेल्या मिक्सरचं. चौक भरला तेव्हा समोरच्या काकूंचं दार उघडलं. काकूंचं दार नेहमी योग्य वेळीच उघडे.

काकूंनी खोक्यांकडे पाहिलं, दुभाषींकडे पाहिलं आणि मान हलवली. “वाटलंच होतं मला.”

दुभाषी हसले.

“कधी?”

“आजच्या आज,” दुभाषी म्हणाले. “फार दिवस नुसतं चाललं होतं.”

“एवढी घाई?”

“लेक ऐकत नाही. तिच्यासाठीच सगळं.”

“हो ना, मुलांच्या शिक्षणापुढे काय करणार! बाहेरच असेल ना कुठेतरी? तुमचं बरं आहे, तुम्हाला सगळीकडे घरच.”

वाक्याचा शेवट नीटसा कळला नाही, म्हणून दुभाषींनी मान डोलवली आणि म्हणाले, “हो.”

दुभाषी पहिला ढीग घेऊन खाली उतरले तेव्हा सेक्रेटरींना कळलं होतं. दुसरा ढीग घेऊन उतरले तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कळलं होतं. तिसऱ्या खेपेला किराणावाल्याने हळहळून विचारलं, “तिकडे थंडी असते का हो?” दुभाषींना वाटलं माणूस सहज चौकशी करतोय. त्यांनी काही देशांतल्या थंडीची तुलनात्मक माहिती दिली.

भंगारवाला आला. त्याने एक खोकं उघडलं, आत दुसरं निघालं, त्याच्या आत तिसरं. घडी घालून, दोरीने बांधून, वरचा कोपरा खाली येऊ नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी लावून. तो उठून उभा राहिला. “साहेब, एवढं जपून कोणी रद्दी ठेवत नाही. यात काहीतरी आहे. मला नको भानगड.” आणि दुभाषींनी आत काही नाही हे पटवायच्या आत तो हातगाडी घेऊन निघूनही गेला. दुभाषींनी खाली नेलेली खोकी पुन्हा चौकात आणून रचली.

एवढ्यात शेजार मदतीला धावला. कोणी जायला निघालं की ही इमारत फार प्रेमळ होते. नर्सबाईंनी स्वतःच्या नव्या फ्रिजचं भलंमोठं खोकं वर पाठवलं, सोबत निरोप, ‘कपाट बसेल यात.’ काकूंनी त्यांच्याकडची खोकी आणून दिली. कोणी थर्माकोल, कोणी जुनी वर्तमानपत्रं. दुपारपर्यंत चौकात जेवढी खोकी सकाळी होती त्याच्या दुपटीहून जास्त झाली. दुभाषी प्रत्येकाला हसून “हो, हो” म्हणत होते आणि एवढी माणसं एकदम आपल्या दाराशी का आली हे त्यांना उमगत नव्हतं. पण बरं वाटत होतं.

उमगलं ते सेक्रेटरींमुळे. ते चौकात खुर्ची टाकून बसले आणि काचेचं सामान कसं बांधावं ते सांगू लागले. “कप आडवे ठेवायचे. मध्ये कागद. परदेशी पाठवायचं म्हणजे आदळआपट आलीच.”

दुभाषींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण चाललो आहोत असा यांचा समज झालेला आहे! त्याच क्षणी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ते म्हणणारही होते. पण सेक्रेटरी म्हणाले होते की कप आडवे ठेवायचे.

आता, ज्याने वयाच्या सहाव्या वर्षी आईच्या हाताखाली संपूर्ण चहाचा सेट एकही टवका न उडता समुद्रापार नेला, त्याला एका निवृत्त पोस्टमास्तराने कप आडवे ठेवायला सांगावं? दुभाषींचा चेहरा लाल झाला. “कप उभे ठेवतात,” ते म्हणाले. “कान आतल्या बाजूला. आणि वर्तमानपत्र चुरगळून, घडी घालून नाही. थांबा, दाखवतो.” त्यांनी आतून कप आणले, बशा आणल्या, मग सुऱ्या-चमच्यांचं कसं करायचं ते दाखवलं, मग आरशाचं. चौकात जमलेली मंडळी थक्क होऊन पाहत होती. टाळ्या पडल्या. दुभाषींना त्या घरात राहायला आल्यापासून इतका मान कधी मिळाला नव्हता.

बायको कामावरून आली तेव्हा तिच्या घरातली सगळी भांडी बांधून झाली होती.

“पाणी प्यायला पेला कुठाय?” तिने विचारलं.

“टोस्टरच्या खोक्यात. डाव्या बाजूला.”

“आपण कुठे चाललोय?”

“कुठेच नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने कपाळावर हात मारला नाही, कारण तिचा हात या माणसाबरोबर राहून थकला होता. ती एवढंच म्हणाली, “अहो, प्रत्येकाच्या दारात जा आणि सांगून या की आम्ही इथेच आहोत. आत्ताच्या आत्ता.”

दुभाषी गेले. पण जाताना उंबरठ्यावर त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. सकाळपासून खोकी आली, दोऱ्या आल्या, सल्ले आले. पण ‘नका जाऊ’ असं एकही माणूस म्हणाला नव्हता. एकही नाही! आपण चाललो म्हणून या इमारतीत कोणाला काही वाटतं की नाही? सांगायचं तर आहेच, पण आधी एवढं ऐकून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. कोणीतरी एकदा म्हणू दे, की लगेच सांगून टाकू.

काकूंच्या दारात ते घुटमळले. “तर निघायचं म्हणतोय,” ते आशेने म्हणाले.

“निघा, निघा. मोकळी माणसं तुम्ही,” काकू म्हणाल्या. “तुमची गॅलरीतली मोठी कुंडी मात्र मला द्या. कोणाला सांगू नका.”

सेक्रेटरी म्हणाले, “तुमच्यासारखा सभासद होणे नाही. इतक्या वर्षांत तुमची एक तक्रार नाही, तुमच्याविषयी एक तक्रार नाही. तुम्ही राहता हेसुद्धा कधी जाणवलं नाही!” हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. दुभाषींना ते काट्यासारखं टोचलं.

नर्सबाईंनी दार अर्धंच उघडलं. “प्रवासात पाणी भरपूर प्या,” त्या म्हणाल्या आणि जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुभाषींना वाटलं, आता म्हणतील. “आणि लघवी दाबून ठेवू नका,” नर्सबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

“सांगितलंत?” बायकोने विचारलं.

“तशी वेळ आली नाही.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला बरंच न सांगता दिसतं. “तुम्हाला काय ऐकायचंय ते कळतंय मला,” ती म्हणाली. “पण माणसं तोंडावर म्हणत नाहीत हो असं.”

“आम्ही एवढे देश सोडले,” दुभाषी म्हणाले, “एकाही ठिकाणी कोणी अडवलं नाही. लहान होतो तेव्हा वाटायचं, गाडी सुटताना कोणीतरी धावत येईल. आई म्हणायची, नाव विसरले असतील रे तुझं.” आणि ते उगाचच टोस्टरच्या खोक्यातून पेला काढू लागले.

दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेच्या कचरा विभागात गेले, कारण काहीही झालं तरी खोकी जायला हवी होती. खिडकीतल्या कारकुनाने संख्या ऐकून चष्मा वर केला. “घर बदलताय?”

आदल्या दिवशीच्या अनुभवाने शहाणे होऊन दुभाषी आयुष्यात प्रथमच ठामपणे म्हणाले, “नाही.”

“मग उचलता येणार नाहीत. घर न बदलता एवढी खोकी कोणाकडे असतात? कारखाना आहे का?”

“नाही. घरचीच. पूर्वीपासूनची.”

“पूर्वीपासून म्हणजे? तुम्ही मूळचे कुठले?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला दुभाषींना साधारण पाऊण तास लागे आणि मध्ये नकाशा काढावा लागे. मागच्या रांगेतला माणूस खाकरला.

“हे बघा,” कारकून दया येऊन म्हणाला, “घर बदलतोय म्हणा. गाडी पाठवतो. नियमच तसा आहे, घर बदलणाऱ्याला मोठी गाडी मिळते, राहणाऱ्याला टोपली.”

“हो,” दुभाषी म्हणाले.

कारकून कर्तव्यदक्ष निघाला. फाटक उघडं ठेवायला सांगण्यासाठी त्याने सेक्रेटरींना फोन केला, ‘चौथ्या मजल्यावरचे घर सोडतायत, शनिवारी गाडी येतेय.’ आजवर ती नुसती बोलवा होती. आता तिच्यावर सरकारी शिक्का बसला. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, ‘शनिवारी संध्याकाळी निरोप समारंभ. सर्वांनी उपस्थित राहावे. गाड्या हलवाव्यात.’

मधल्या दिवसांत एक दलाल घर बघायला एका जोडप्याला घेऊन आला. विचारलं वगैरे काही नाही, बूट काढून थेट आत. दुभाषींनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा केला. एवढंच नाही, तर बाईंनी “हवा येते का हो?” म्हणून विचारल्यावर खिडकी उघडून दोन्ही बाजूंनी वारा कसा खेळतो ते दाखवलं. नवरा टेप घेऊन लेकीच्या होऊ घातलेल्या खोलीत व्यायामाचं यंत्र मावतं का ते मोजू लागला. तेवढ्यात लेक शाळेतून आली. ती याच इमारतीत जन्मलेली, इथल्या प्रत्येक पोराशी भांडलेली. तिने दप्तर खाली टाकलं, टेपचं दुसरं टोक हातात घेतलं आणि म्हणाली, “काका, ही माझी खोली आहे. मोजायचीच असेल तर बाहेरून मोजा.” जोडपं गेलं, दलाल गेला, चहा तसाच राहिला.

“बाबा, तुम्ही त्यांना हाकलत का नाही?” ती रडकुंडीला आली होती. “आपण खरंच चाललोय का? वर्गातसुद्धा सगळे विचारतायत. मी नाही म्हणते, तर म्हणतात, तुझे बाबा हो म्हणाले.”

स्वतःच्या लहानपणी हाच प्रश्न दुभाषींनी कितीदा विचारला होता, आणि दर वेळी उत्तर ‘हो’ असायचं. “नाही गं,” ते म्हणाले. “कुठे नाही जायचं आपण.” ते ऐकून ती शांत झाली, पण ते स्वतः अस्वस्थच राहिले. कारण खोकं टाकलं की बिऱ्हाड उठतं हे जुनं भय त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. दलाल आला, फळ्यावर सूचना लागली, गाडी ठरली. आपल्याला न विचारता आपलं जाणं ठरत चाललंय असं त्यांना वाटू लागलं. एकदा तर त्यांनी स्वतःच्या नकळत पारपत्र कुठे आहे ते पाहून घेतलं.

शनिवारी दुपारी मोठी गाडी आली आणि सगळी रिकामी खोकी घेऊन गेली. चौक मोकळा झाला. संध्याकाळी तळमजल्यावर स्कूटरी हलवून खुर्च्या मांडल्या गेल्या आणि दुभाषी, त्यांची बायको आणि लेक यांना पुढच्या रांगेत बसवलं. बायको त्यांच्या कानाशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आज सांगितलं नाही तर मी सांगेन.”

सेक्रेटरींनी भाषण लिहून आणलं होतं. “दुभाषीसाहेब हे अत्यंत शांत गृहस्थ,” इथून सुरू होऊन ते “अत्यंत शांत गृहस्थ” इथेच संपलं, कारण मधे सांगण्यासारखं त्यांना फारसं आठवलं नाही. काकूंनी सांगितलं की यांच्याकडून कधी आवाज आला नाही. नर्सबाई उठल्या, “काळजी घ्या,” म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग इमारतीतर्फे भेट आली. लाल रंगाची, चाकांची, प्रचंड सुटकेस. “जिथे जाल तिथे आमची आठवण!” सेक्रेटरी म्हणाले आणि टाळ्या झाल्या.

दुभाषी उठले. समोर सगळे ओळखीचे चेहरे होते आणि सगळे आदराने हसत होते. कोणीही ‘नका जाऊ’ म्हणणार नाही, हे आता त्यांना कळून चुकलं. मग ज्याची वाट पाहायची तेच राहिलं नाही, तर बोलायला काय हरकत?

“मी आपला आभारी आहे,” ते माहितीपुस्तिकेच्या भाषेत म्हणाले. “परंतु कृपया नोंद घ्यावी. आम्ही कुठेही चाललेलो नाही. मी फक्त रिकामी खोकी टाकत होतो.”

मागे कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली.

“चाललेले नाहीत म्हणजे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“इथेच राहणार आहोत. कायम.”

“कायम?” नर्सबाई उभ्या राहिल्या. दुभाषींनी त्यांना इतक्या वर्षांत अशा उभ्या राहिलेल्या फक्त इतरांसमोर पाहिलं होतं. “कायम राहणार? आणि तो नळ? इतकी वर्षं माझ्या कपड्यांवर पाणी टपकतंय! म्हटलं जाऊ दे, आज ना उद्या जाणारी माणसं, कशाला तोंड वाईट करा! दोरी सरकवून सरकवून मी पार भिंतीला टेकले! आणि हे म्हणे कायम!”

“आणि माझ्या जागेवर आडवी स्कूटर?” सेक्रेटरींना आठवलं. पोस्टाच्या खिडकीतला तो जुना आवाज पूर्ण ताकदीनिशी बाहेर पडला. “मी माझी गाडी रस्त्यावर लावली! का? तर पाहुणा माणूस! मला काय माहीत मुक्काम करायचा बेत आहे ते! आणि हे भाषण? तीन दिवस लिहीत होतो मी!”

“माझी भाची येणार होती तुमच्या घरात! तिला गॅलरीसुद्धा दाखवून ठेवली मी,” काकू ओरडल्या. “तिचा पडद्याचा कपडासुद्धा घेऊन झाला!”

चारही बाजूंनी आवाज सुरू झाले. जिन्यातल्या चपला, गॅलरीतून पडणारी पानं, पाकिटवाल्याने भलत्यांचीच वाजवलेली बेल, सगळं निघालं. इतकी वर्षं तोंडात मूग गिळून बसलेली इमारत एकदम बोलू लागली. दुभाषी मधोमध उभे होते. त्यांची कानशिलं तापली होती आणि त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायचा कसा हे कळेना. लेक बाबांकडे बघून आईला कोपराने ढोसत होती.

“एक मिनिट!” दुभाषी अचानक ओरडले. स्वतःचा चढलेला आवाज त्यांना स्वतःलाच नवा होता. “ही सुटकेस कोणी निवडली? हिची चाकं पहिल्याच विमानतळावर निखळतील. कडी पत्र्याची आहे. असली सुटकेस माझ्या आईने दुकानात हातातसुद्धा धरली नसती!”

“मी निवडली!” सेक्रेटरी लालबुंद झाले. “मी स्वतः! चार दुकानं हिंडून! तुला काय कळतं रे सुटकेसमधलं?”

“मला नाही कळत तर कोणाला कळतं?” दुभाषी गरजले.

“ते सुटकेसचं मागाहून!” नर्सबाई मधे घुसल्या. त्यांनी दुभाषींच्या शर्टाची बाही धरली होती. “आधी माझा नळ. तो नळ दुरुस्त झाल्याशिवाय हा माणूस या इमारतीबाहेर पाऊल टाकणार नाही! कळलं? कुठे जायचं नाही! ऐकतोयस ना रे, कुठे जायचं नाही म्हणतेय मी!”

दुभाषी ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून ते अधिकच मोठ्याने ओरडले, “नाही जात! बघू काय करता ते!”

भांडण रंगलं. खुर्च्या कोणी आवरायच्या यावरून त्याला दुसरा फाटा फुटला, तिथून ते मोटरीवर गेलं, मोटरीवरून पुन्हा नळावर आलं. सेक्रेटरींच्या घरातून चहाचे कप आले, तेव्हाही कोणाचा आवाज खाली आला नाही. बऱ्याच वेळाने लेक जिन्यातून पुन्हा खाली आली आणि गर्दीतून वाट काढत बाबांपर्यंत पोहोचली. आईने जेवायला बोलावलं होतं.

दुभाषींनी हातातला कप सांभाळत तिला बाजूला केलं. “तुम्ही दोघी जेवून घ्या,” ते म्हणाले, “आमचं अजून चाललंय.”